पांढऱ्या रुमालाची चिंधी

— नाही हो, मनगटावरचा हा गंडा नाही, आणि नारायणगडाचा दोराही नाही. साधी चिंधी आहे, पांढऱ्या रुमालाची. तुम्ही आपले मोजणीकडे लक्ष द्या, हनुमानराव. एक गठ्ठा कमी भरतो म्हणता ना? बरोबर आहे तुमचे. यादीत आहे आणि गाडीत नाही, तो इथे आहे, माझ्या टेबलावर. देतो. चहा संपवा तोवर. कारखान्याची गाडी घटकाभर थांबली म्हणून कागदाचा लगदा व्हायचा राहत नाही. आणि एक विनंती — रद्दी म्हणू नका. सकाळपासून म्हणता आहात आणि मी ऐकून घेतो आहे. रद्द म्हणजे नाकारलेले. हे कागद कुणी नाकारलेले नाहीत, यांची मुदत भरली, एवढेच. माणसाची भरते तशी. मेलेल्या माणसाला आपण रद्दी म्हणतो का?

कसे ठरवतात? सोपे आहे — म्हणजे इतकी वर्षे मला सोपे वाटत होते. या तहसिलीत निकाली निघालेला प्रत्येक कागद अभिलेख कक्षात माझ्यापुढे येतो, मी तो वाचायचा आणि त्याचा वर्ग लावायचा. जमिनीच्या हक्काचे असेल ते कायमचे, त्याला लाल रुमाल — रुमाल म्हणजे गठ्ठा बांधायचे फडके, खिशातला नव्हे. मग हिरवा, मग पिवळा, आणि ज्याचे काम लवकर सरते त्याला पांढरा. लावलेला वर्ग बदलायचा झाला, तर ज्याने लावला त्यानेच तो सही करून बदलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे मला कुणी शिकवावे लागले नाही. आम्ही मेंढरे वळणारे. राखायची मेंढी असली की वडील तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढत, आणि व्यापाऱ्याने निवडली की तिच्या गळ्यात पांढरी चिंधी बांधत. चिंधीवालीला पुन्हा नावाने हाक मारायची नाही, असा घरचा दंडक. मी पाठशाळेत जाऊन शब्दरूपे घोकली, सरकारी चाकरीत आलो, पण काम काय बदलले? कळप तेवढा बदलला.

माझी बायको सुंदरबाई, तीही मेंढरांच्याच घरातली. त्यामुळे गेरू आणि चिंधी तिला जन्मापासून ठाऊक — आता बहुधा तेवढेच ठाऊक उरले आहे. विसरण्याचा आजार आहे तिला. आधी भांड्यांची नावे गेली, मग गल्ली गेली, मग माझ्या बहिणी गेल्या, ते तिला फारसे जड गेले नसावे. आत बसून कुणीतरी गठ्ठे बाहेर काढते आहे, हनुमानराव, आणि त्याच्याजवळ ना यादी, ना वर्ग, ना समितीची मंजुरी. आमचे लग्न काढून टाकले, आणि राखले काय, तर माहेरच्या वाड्याजवळ भुंकणारे एक कुत्रे. मला विचारते, “तुमी कोन्या गावचे, पाव्हनं?” मी म्हणतो, तुझ्याच. मग ती लाजून पदर सावरते — या वयात. हसा, हसा, मीही हसतो तेव्हा.

एकदा औषधाची डबी तिने चुलीत घातली, तेव्हा मला ही युक्ती सुचली. फाटके रुमाल घरी नेले — नोंद करून नेले, गैरसमज नको — आणि पट्ट्या फाडल्या. टाकायचे नाही त्याला लाल: औषधे, किल्ली, देवघरातले टाक. टाकले तरी चालेल त्याला पांढरी. समजावून सांगू लागलो तर मला थांबवून म्हणाली, “कळलं की. गेरू आन् चिंधी.” आणि खरोखर, काही हरवेनासे झाले. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! साऱ्या नोकरीत कुणी माझी पद्धत इतकी अचूक पाळली नव्हती.

हा गठ्ठा? हो, देतो म्हणालो ना. हा — हा भागवतचा आहे. माझ्या मुलाचा. एकुलत्या एका. एकादशीला गडावर गेला होता मोटारसायकलवर, परतताना वळणावर उसाची ट्रॉली उभी, मागे दिवा नाही. पंचनामा, जबाब, सगळे रीतीप्रमाणे इथे आले. साहेब म्हणाले, दुसऱ्याला लावू द्या वर्ग. मी म्हणालो, नको, अभिलेखपाल मी आहे. पिवळा लावला. नियमाने पिवळाच होतो. यंदा त्याची मुदत भरली. यात त्याच्या मित्राचा, राधाकिशनचा जबाब आहे: “मुक्काम कर म्हनलो तर म्हनला, न्हाई बे, आई जेवायची खोळंबंल.” खरेच होते ते. तो आल्यावाचून ती घास तोंडात घालत नसे. 

आणि आता तर रोजच खोळंबते. दिवेलागणीला दोन भाकरी झाकून ठेवते आणि विचारते, “भागवत आला का वो?” आणि मी सांगत असे. जे खरे ते. दुसरे काय सांगणार? जन्मात खोटी नोंद केली नाही मी. आणि मला वाटे, आई आहे ती, त्या दुःखावर तिचा हक्क आहे, आणि हक्काचे ते कायमचे, नाही का? ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची — चुकलो, पहिल्यांदाच ऐकायची. ऊर बडवून घ्यायची. भाकरी तशाच. सकाळी सारे पुसलेले, संध्याकाळी पुन्हा झाकलेल्या भाकरी, पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा मी.

काल घरी पोचलो तर ती उंबऱ्यात उभी. म्हणाली, हात द्या. मला वाटले — काय वाटले ते जाऊ द्या. तिने कमरेची पांढरी पट्टी काढली आणि माझ्या मनगटाला बांधली, दोन वेढ्यांची गाठ, मेंढीच्या गळ्याला मारतात तशी. मग अंगणाकडे तोंड करून, तिथे कुणी नसताना, म्हणाली, “हा मानूस न्हाई ठिवायचा. हा रोज येतो आन् माझ्या लेकराला मारून जातो.”

— नाही, ठीक आहे. धूळ आहे कागदांची. तुम्ही बसा.

सकाळी येऊन मी भागवतच्या या गठ्ठ्याला लाल रुमाल बांधला. हो, पाहताच आहात. वर्ग मीच लावलेला, मीच बदलू शकतो, एक सही केली की हा कायमचा, आणि कुणी विचारणारही नाही. पेन उघडून बसलो. आणि मनात आले, मी हे राखतो आहे कुणासाठी? पोरगा यात नाही. पोरगा मेला, एवढेच यात आहे. हा इथे असेतोवर माझ्या जिभेला दुसरे काही उच्चारता येणार नाही, मी ओळखतो तिला. म्हणून — तुम्ही परके आहात, उद्या दुसऱ्या गावी, युसूफ वडगावात असाल — म्हणून तुमच्यासमोर एकदा म्हणून पाहतो. ऐका. “भागवत गडावरच जेवला. मुक्कामाला राहिला. तू जेवून घे.” आवाज कापला ना? थांबा. “भागवत गडावरच जेवला. तू जेवून घे.” — हे चालेल. खाली का पाहता? चालेल ना?

धरा. रुमाल सोडून घेतो, कापड सरकारी आहे, ते जात नाही. कागद तेवढे न्या. दोन्ही हातांनी धरा, हनुमानराव. आता भरली तुमची यादी. करा खूण.

चिंधी? नको, तिला हात लावू नका. सांगितले ना मघाशी — ज्याने वर्ग लावला, त्यानेच बदलायचा. आज जेवली, तर कदाचित सोडील.

निघा आता. दिवेलागण होत आली. ती विचारील.