वाळवंटातली ओल

—नाही नाही, तो रणगाडा नका उचलू, ओला आहे अजून. दिसतो वाळवंटात भाजून निघाल्यासारखा, पण आहे ओला. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नुसता टेकवून ठेवलाय, नावडत्या पाहुण्यांसाठी आहे ते. इथे बसा. तर शेजारची खोली बघून झाली म्हणता — आणि तोंड असं का? सांगू? ओल. भिंतीवरची ओल दिसली ना? मी लपवत नाही कुणापासून. भाचीने किल्ली दिलीय ती खोली दाखवायला, तिची तारीफ करायला नाही. तुमच्या आधी एक मास्तर येऊन गेले, बायकोला घेऊन. बाईंनी भिंत बघितली न् नाकाला रुमाल लावला. तिथे वास नाही हो कसला. पण डोळ्यांनी ओल बघितली की नाक बिचारं आपोआप मान डोलावतं.

मी गॅरेजात गाड्या रंगवायचो. जन्म गेला ओरखडे बुजवण्यात — कुणी खांबाला घासली, कुणी बायकोला न सांगता नेऊन ठोकली, सगळे माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत अशी करून द्यायचो की गाडीलाही आठवू नये. आता म्हातारपणी उलटा उद्योग — नवीकोरी वस्तू घ्यायची आणि तिची रया घालवायची. हा बघा रणगाडा, प्लास्टिकचा, तळहाताएवढा. आधी तांबूस रंग, त्यावर वाळूचा. मग भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा तोडायचा, गडद रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, आणि कडांना नुसता शिवायचा — उडाले टवके. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग सांध्यांत सोडायचा, वर खडूची पूड, एक फुंकर — झालं, वादळ येऊन गेलं. शाळेत माझं आणि खडूचं कधी जमलं नाही. आता बघा कसं जमतंय.

जोडतो कोण? मी नाही बुवा. ही बोटं बघा, बोटं आहेत का वांगी. जोडतो तो — ज्याची खोली तुम्ही बघून आलात. मेहुणा माझा. घड्याळजी होता. बायको माझी गेली — वरती गेली हो, तसं नका बघू — आणि जाताना भाऊ माझ्या गळ्यात बांधून गेली. तर हा चिमट्याने एकेक चाक उचलणार, श्वास रोखून, आणि मी नेमका तेव्हाच शिंकणार. मुद्दाम. नाही तर काय. एकदा त्याच्या नव्या चष्म्याला हीच धूळ बसवली, वर लाखेचा पातळ हात, पुसून जाणार नाही असा. गेला की डॉक्टरकडे, मोतीबिंदू झाला म्हणून. डॉक्टरने चष्मा काढायला लावला, तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी माझे सगळे ब्रश डिंकात. अशी माया.

भांडण एकाच गोष्टीवरून — गंज. मला गंज फार आवडतो. तो म्हणायचा, “वाळवंटात पाऊस कुठे पडतो? हा गंज आणलास कुठून, घरून?” मी म्हणायचो, अरे एक धार काढू दे, एकच. “हात आवर.” संपलं. मला थांबायचं कळत नाही ना, ते खातं त्याच्याकडे.

मग न्हाणीघरात घसरला, खुब्याचं हाड मोडलं, भाची, म्हणजे त्याची मुलगी, घेऊन गेली तिच्या घरी. आता बरा आहे, काठी घेऊन चालतो. येईलच. हा रणगाडा अडलाय त्याच्यासाठी — बघा, चाकं उघडी आहेत, पट्टे कुठेत? ती बारीक बारीक कडी कडीत अडकवायची असते, मला काय जमणार. येईल न् बसवेल. आणि मध्येच खोलीत दुसरा कोणी राहायला आला, तर त्याने यायचं कुठे? म्हणून तर — म्हणजे — म्हणून ओल आहे ते एका परीने बरंच, असं आपलं माझं मत.

काय? बोट? बघू बोट. हां. चुना असेल भिंतीचा. — तपकिरी, हो. तपकिरी चुना. नाकाशी नका नेऊ ते — झालं. आला ना टर्पेंटाइनचा वास. मास्तर बघा कसे शहाणे, लांबूनच पटलं त्यांना. बरं, मी केलंय. पण साधलंय का नाही ते बोला. मध्ये फिकं, कडेला गडद, खाली पूड सुटलेली, पोपडा निघाल्यासारखी. कुणी बघायला यायचं म्हटलं की आणखी एक हात मारून येतो, तुम्हाला जरा ताजी सापडली इतकंच. आणि खिळ्याखालची गंजाची धार, ती पाहिलीत? ती काढताना मी शीळ घालत होतो.

त्या भिंतीपलीकडे? तुम्ही पण ना, घड्याळजीच्या वरताण निघालात. नाही, पलीकडे नळ नाही. पाइप नाही. पलीकडे मी आहे. हीच ती भिंत, हिलाच पाठ टेकून बसतो मी. तो असता तर आल्या आल्या म्हणाला असता, पाणी कुठून आणलंस. हात आवरायला कोणी नव्हतं, राहिला चालत.

पण मधे तो खळगा आहे ना, नखाएवढा — तो मी केलेला नाही. तो खरा आहे. चहा झाला की मेहुणा पलीकडून चमच्याने ठोकायचा, दोनदा. मी इकडून एकदा. म्हणजे आलो.

त्याला कशाला विचारायचं? करतो फोन तो. भाची म्हणते बाबा रमलेत. नातीला घड्याळ बघायला शिकवतो, खाली कोणी म्हातारा भेटलाय, त्याच्याशी बुद्धिबळ. “देऊन टाक रे खोली, कुणी बरा माणूस बघून,” म्हणाला. हो, तोच म्हणाला. मी म्हटलं ऐकू येत नाही. परत म्हणाला. मग मी फोनपाशी कागद चुरगाळला, हा असा, खरखर खरखर — लाइन खराब आहे, नंतर बोलू.

थांबा. ठोकलं ना कोणी आत्ता? ऐकलंत? दोनदा —

तुम्ही? टेबलावर, बोटाने? हां. चाळा असतो एकेकाला. नका करू.

उठा आता. ही चिंधी घ्या, बोट पुसा. भाचीला कळवा, भिंत कोरडी आहे. उरलेलं मी पुसून देतो, ओलं आहे तोवर निघून जाईल. किल्ली राहू द्या तुमच्याकडेच. आणि त्या भिंतीला कपाट लावू नका. कशाला म्हणजे? नका लावू, एवढंच. जाताना दार ओढून घ्या, वाऱ्याने माझी पूड उडते.