रोजच्या गाडीचा कॅम

मिस्त्री : ही वही तुम्ही लिहिलेली नाही.

चष्मेवाला : नाही, आईने लिहिली. मी गाडी चालवणार की लिहिणार? तुम्ही म्हणालात, आठ दिवस आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवा, काटा कुठे आणि किती वेळ ते टिपा. आई रोज शेजारी बसते. म्हटलं, तेवढाच तिला विरंगुळा.

मिस्त्री : तुम्ही वाचलीत?

चष्मेवाला : त्यात वाचायचं काय? आकडेच असणार. तुम्ही फक्त सांगा, कॅम कधी बसवताय?

मिस्त्री : दमानं घ्या. कॅमशाफ्टचं गिऱ्हाईक आलं की मी आधी वही देतो, मग पाना हातात घेतो. कारण लोक गाडी चालवतात एक आणि सांगतात दुसरंच. सांगताना प्रत्येक जण शर्यतीत असतो. तुम्ही काय सांगितलं होतंत मला?

चष्मेवाला : की मी गाडी जरा मोकळी सोडतो.

मिस्त्री : ऐका मग. 'सोमवार, सकाळी साडेनऊ. काटा हजार ते दीड हजार. हा पुढच्या बसला शिव्या देतोय. बसला ऐकू जात नाही.'

चष्मेवाला : हे तिने लिहिलंय?

मिस्त्री : मोत्यासारखं अक्षर आहे. 'सिग्नल, काटा आठशे. सिग्नल, काटा आठशे. यापुढे सिग्नल लिहिणार नाही, समजून घ्यावे.' घेतलं समजून. 'बुधवार, पूल. काटा चार हजार. मी ओरडले. काटा खाली.'

चष्मेवाला : पुलावर रस्ता रिकामा होता हो.

मिस्त्री : आठ दिवसांत चार हजार एकदाच, तेही मातोश्री ओरडेपर्यंत. आणि तुम्हाला हवाय हा भला मोठा कॅम. अहो, कॅमचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, तेव्हा इंजिन श्वास घेतं. उंचवटा मोठा की श्वास मोठा, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण मोठा श्वास पळणाऱ्याला लागतो. रांगेत उभा असलेला माणूस तसा धापा टाकायला लागला तर त्याला लोक खुर्ची आणून देतात.

चष्मेवाला : मला चालेल.

मिस्त्री : हा चार हजारांच्या खाली जागाच होत नाही. उभ्या गाडीत इंजिन लंगडणार, सगळी गाडी थरथरणार. ब्रेकला इंजिनाकडून जी ओढ मिळते ती कमी पडणार. पेडल दाबून पोटऱ्या भरून येतील. रांगेत पहिल्या गिअरला गचके. मातोश्रींचा गुडघा दुखतो म्हणालात ना?

चष्मेवाला : त्यासाठीच व्यायामाला नेतो तिला, मंगळवार-शुक्रवार. पण चालेल.

मिस्त्री : तुम्हाला चालेल. गुडघा त्यांचा आहे.

चष्मेवाला : मिस्त्री, कॅम मी आणून दिलाय. व्हॉल्व्हच्या नव्या स्प्रिंगा घालून तो बसवायचा, एवढंच काम आहे. बाकीचं मी बघून घेईन.

मिस्त्री : बरं, मंगळवारचं वाचू? 'गुडघ्याच्या व्यायामाहून परत. काटा आठशे. उभे. चाळीस मिनिटं. थोरल्याच्या घरासमोर, झाडाखाली. हा म्हणतो, रहदारी ओसरू दे. रहदारी नाही.'

चष्मेवाला : पुढचं पान बघा.

मिस्त्री : पुढच्या पानावर शुक्रवार. 'तिथेच. पस्तीस मिनिटं. काटा आठशे. खिडकी उघडी. थोरला खिडकीत, पाठमोरा. मानेवरचे केस पिकलेत.'

चष्मेवाला : द्या ती वही इकडे.

मिस्त्री : देतो. एवढंच सांगा, चाळीस मिनिटं उभं राहायचं तर इंजिन बंद का करत नाही? पेट्रोल जातं, प्लग काळे होतात.

चष्मेवाला : बंद केलं तर उतरावं लागेल.

मिस्त्री : हं. थोरला म्हणजे थोरला भाऊ?

चष्मेवाला : दादा.

मिस्त्री : पाण्याच्या टाकीमागे राहतात? मशीनवर कॅम घासून द्यायचे?

चष्मेवाला : हो.

मिस्त्री : म्हणजे ते चष्मेवाले भाऊ तुम्ही.

चष्मेवाला : तुम्हाला माहीत आहे तर.

मिस्त्री : या धंद्यात कोणाला माहीत नाही? तीन वर्षं झाली. चार जण उभे, समोर फुटलेलं इंजिन, आणि तुम्ही म्हणालात, दादा, तुझी नजर गेलीय, आता कॅम घासू नकोस. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर बाचाबाची झाली असती, संध्याकाळी सगळे विसरले असते. पण तुम्ही दिवसभर लोकांचे डोळे तपासता. लोकांना वाटलं, याला कळतंय.

चष्मेवाला : मी एकदाच म्हणालो होतो.

मिस्त्री : एकदाच पुरलं. आठ दिवसांत त्यांनी मशीनवर कापड टाकलं. तेव्हापासून मी कॅम बाहेरून मागवतो आणि प्रत्येक खेपेला शिव्या घालतो. एकाचा उंचवटा कमी, एकाचा जास्त. त्यांच्याकडून आलेला कॅम मी न मोजता बसवायचो. खरं सांगू? तुम्ही कोण हे आधी कळलं असतं तर वहीसुद्धा दिली नसती.

चष्मेवाला : आता कळलंय. हाकलून द्या.

मिस्त्री : मातोश्री बाहेर गाडीत बसल्यात, म्हणून थांबलोय. हा कॅम कोणाचा?

चष्मेवाला : त्याचाच. त्या दिवशी इंजिनात होता तोच. पिस्टन फुटला, व्हॉल्व्ह वाकले, कॅमला काही झालं नाही. गाडीत नंतर मूळचाच कॅम बसवून घेतला, हा मी तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवला होता. मोजा ना.

(मिस्त्री कॅम दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवतो, मोजायची डायल लावतो आणि हाताने सावकाश फिरवतो. काटा वर जातो, खाली येतो. आठ उंचवटे, आठ वेळा.)

मिस्त्री : आठही सारखे. केसभरही फरक नाही.

चष्मेवाला : माहीत आहे.

मिस्त्री : कधीपासून?

चष्मेवाला : त्याच संध्याकाळपासून. दादाने बजावलं होतं, या कॅमला कडक स्प्रिंगा लागतील, जुन्या ठेवू नकोस. नव्या यायला आठ दिवस होते आणि मला रविवारी मित्रांना गाडी दाखवायची होती. मी जुन्याच ठेवल्या आणि त्याला सांगितलं, बदलल्या.

मिस्त्री : आणि पुलावर ताणलीत.

चष्मेवाला : सहा हजारांपर्यंत. स्प्रिंग दमली, व्हॉल्व्ह वेळेवर मागे आला नाही, पिस्टन येऊन धडकला. ओढत गाडी आणली. सगळे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. दादा वाकून इंजिनात बघत होता. आणखी एक मिनिट गेलं असतं तर त्याला स्प्रिंगा दिसल्या असत्या. म्हणून मी आधी बोललो.

मिस्त्री : नव्या स्प्रिंगा मग आल्याच असतील.

चष्मेवाला : चार दिवसांनी. वरातीमागून घोडं. कपाटात पडून आहेत, अजून पाकीट फोडलेलं नाही.

मिस्त्री : आता मला कळलं तुम्हाला मोठाच कशाला हवा ते.

चष्मेवाला : हा कॅम उभ्या गाडीत, आयडलवर लंगडतो ना, ते लंगडणं दुसऱ्या कुठल्या कॅमचं नसतं. दादा आपला कॅम आवाजावरून ओळखतो. मी झाडाखाली गाडी उभी करीन. खिडकी उघडी असते. त्याला ऐकू जाईल की त्याचा कॅम चालतोय, नीट चालतोय. त्याला कळेल त्याचा हात बरोबर होता.

मिस्त्री : ते त्यांना ठाऊक आहे हो. घासणाऱ्याला आपलं काम ठाऊक असतं. तुम्हालाही ते ठाऊक आहे, एवढंच त्यांना ठाऊक नाही. आणि ते इंजिन कसं सांगणार?

चष्मेवाला : मला तोंडाने जमत नाही. दोन वेळा फाटकापर्यंत गेलोय.

मिस्त्री : रोज शंभर माणसांना वाचा म्हणता, खालची ओळ वाचा.

चष्मेवाला : त्यांना मोठी अक्षरं दाखवतो आधी.

आई : अरे, किती वेळ? गाडीत बसून बसून गुडघा धरला. हॉर्न कुठे आहे तेही सापडेना, म्हणून उतरले.

मिस्त्री : या मावशी, ही खुर्ची घ्या. तेलाची नाही, पुसलेली आहे. तुमची वही वाचत होतो.

आई : कशी वाटली? सिग्नल गाळले, चाललं ना?

मिस्त्री : असं गिऱ्हाईक वीस वर्षांत मिळालं नाही.

चष्मेवाला : आई, तू ते झाडाखालचं कशाला लिहिलंस?

आई : काटा आठशेवर होता. मिस्त्रींनी सांगितलं होतं ना, काटा कुठे ते लिहा. मी का गाळू?

चष्मेवाला : मी तुला रहदारीचं कारण देत होतो.

आई : देत होतास. मी घेत होते.

चष्मेवाला : आई, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी इंजिन फुटलं ते दादामुळे नाही. स्प्रिंगा मी...

आई : स्प्रिंगांतलं मला काही कळत नाही. तू खोटं बोललास तेवढं तेव्हाच कळलं होतं. लहानपणापासून तुझी सवय, थाप मारली की चष्मा पुसायला घेतोस. त्या दिवशी जेवायला बसलास आणि सगळा वेळ चष्माच पुसत होतास. आताही पुसतोयस. आता मात्र रडतोयस म्हणून. पूस.

चष्मेवाला : मग तीन वर्षं बोलली का नाहीस?

आई : आपलेच दात, आपलेच ओठ. एकाची बाजू घेतली असती तर दुसरा माझ्याशी बोलायचा बंद झाला असता. आणि थोरल्याने मला बजावलं होतं, त्याला काही बोलू नकोस, तो आपणहून येईल.

चष्मेवाला : दादा म्हणाला असं?

आई : पहिल्याच महिन्यात. मी फोन करते की त्याला, तू दुकानात गेलास की. तीन वर्षं दोघांच्या मधे बसून मी काय नुसते काटे मोजले?

मिस्त्री : म्हणजे गाडी उभी असते, हे त्यांना...

आई : माहीत नसायला काय झालं? मंगळवारी, शुक्रवारी खिडकी तोच उघडून ठेवतो. मी म्हटलं, अरे मग वळून बघ की एकदा. तर म्हणाला, आई, मी तोंड दाखवलं तर हा गाडी काढून पळेल. पाठमोरा उभा राहतो, निदान तेवढा वेळ तरी थांबेल.

चष्मेवाला : मला वाटायचं, त्याला मला बघायचं नसतं.

आई : चाळीस मिनिटं कोणी कोणाला उगाच पाठ देऊन उभं राहत नाही. पाय दुखतात त्याचेही.

मिस्त्री : पाणी घ्या चष्मेवाले. मावशी, तुम्ही पण.

चष्मेवाला : मिस्त्री, माफ करा. तुमचा वेळ गेला.

मिस्त्री : कामाचं बोलू या. हा कॅम मी तुमच्या रोजच्या गाडीत बसवणार नाही, तुम्ही रागवा नाहीतर रडा. मावशींच्या वहीत एक ते अडीच हजार आहे, गाडी तिथेच चालते. तुम्हाला मधला कॅम हवा. मूळच्यापेक्षा थोडा चढा, याच्यापेक्षा बराच उतरता. खाली पिकअप मिळेल, सिग्नलला शांत उभी राहील, आणि पुलावर मावशी ओरडेपर्यंत मजाही येईल.

चष्मेवाला : आहे तुमच्याकडे?

मिस्त्री : तयार नाही मिळत. हाच घ्यायचा आणि याचे उंचवटे उतरवून घ्यायचे. पण वरचा कडक थर किती खोल आहे, किती उतरवलं तर चालेल, हे ज्याने घासला त्यालाच सांगता येईल. बाहेरच्याच्या हातात दिला तर चांगल्या कामाची माती होईल.

चष्मेवाला : त्याने मशीनवर कापड टाकलंय.

मिस्त्री : कापडच आहे, भिंत नाही.

चष्मेवाला : तो करेल?

मिस्त्री : ते मला विचारू नका. मला स्प्रिंगा पाठवा आणि कॅम पाठवा. बाकी कामाला मी बांधील आहे.

आई : मी त्याला सांगू का फोन करून, येतोय म्हणून?

चष्मेवाला : नको. तू नको सांगूस. मी सांगतो, समोर जाऊन. आधी स्प्रिंगांचं. कॅमचं नंतर.

आई : बरं.

चष्मेवाला : त्या चार जणांनाही सांगावं लागेल.

मिस्त्री : त्यातला एक समोरच्या टायरवाल्याचा भाऊ. त्याच्या कानावर गेलं की बाकीच्यांची काळजी नको.

चष्मेवाला : परवा शुक्रवार आहे. व्यायामाहून येताना जाऊ. तोवर मी नीट ठरवतो, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची...

आई : मिस्त्री, गाडी तुम्हाला उघडायची असेल ना?

मिस्त्री : जुन्या स्प्रिंगा काढायला घेतो म्हटलं तर आताही घेईन. गाडी मग इथेच राहील, आठवडाभर तरी.

आई : राहू दे. बाळा, तो कॅम कागदात गुंडाळ आणि उचल.

चष्मेवाला : आता? आई, गाडीशिवाय तुझा गुडघा...

आई : मिस्त्री, एक टॅक्सी बोलवा हो. टॅक्सीवाला दारात सोडतो आणि निघून जातो.