महिनाभर पडदे

तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बागेत काम करणारा एक माळी आणि त्याची बायको बसले होते. त्याच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ होती, पाण्याचा घोटही उतरेना. आत नर्स इंजेक्शनची तयारी करत होती. मी पेपर वाचत असल्याचं नाटक करत होतो. बायको म्हणाली,

“आज औषध टोचणार, परवा नळीतून आत उजेड सोडणार. त्या उजेडानं गाठ जळते.”

“सगळी?”

“वाट मोकळी होण्यापुरती. घास उतरेल.”

“आणि महिनाभर उन्हात पाऊल टाकायचं नाही.”

“कातडी भाजून निघते म्हणे. जाड पडदे लावू. मंद दिवा चालतो.”

“बरंय, पुढच्या मुक्कामाची सवय होईल.”

“तोंडाला काही धरबंद?”

“उभा जन्म उन्हात गेला माझा. महिना संपल्यावर किती दिवस उरतात?”

“डॉक्टर असं कुठं सांगतात?”

“मला नाही सांगत. तुला दाराबाहेर बोलावून सांगतात.”

“पंधरा-वीस. फार तर.”

“म्हणजे बाग त्या नव्या गड्याच्या हवाली. तो रोपांना पाणी घालत नाही, बुडवतो.”

“अहो, नको असेल तर उठू या. माझी जबरदस्ती नाही.”

“तू हल्ली जेवतेस कुठं?”

“हा काय प्रश्न झाला?”

“मोरीत जेवतेस, नळ सोडून. मला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“तुम्ही उपाशी, आणि मी समोर बसून चावत राहू?”

“टोचू दे त्यांना. अंधार तर अंधार. पण माझ्यासमोर बसून जेव.”