मुठीतले पाच मायक्रॉन

मुलगी : ‘हलक्या हाती धर रे भावा, तीन टिचक्या ऐक, घाई केलीस तर दहांतली खोटी निघेल एक...’ आई कारखान्यातल्या याच टेबलाशी गुणगुणायची. शाळा सुटली की मी त्या स्टुलावर बसून ऐकायचे. पिनेला नेमका टेकल्यावर वाजणारी मायक्रोमीटरची टिचकी आणि आईचा आवाज, दोन्ही एका तालात.

मामा : ताईनं माझ्यासाठी रचलं होतं ते. माझा हात जड. पिन मोजायचो कसला, गळा आवळायचो तिचा!

बाबा : तुझ्या मामाला म्हणावं, गप्पा नंतर. आधी मोजणी.

मामा : तुझ्या बाबांना सांग, माझी मोजणी केव्हाच आटपली. त्यांची वाट बघून चहाची कढी झाली.

मुलगी : हाताच्या अंतरावर बसलायत दोघं! सोळा वर्षं तुमचे निरोप पोचवतेय मी. ऐका आता. पन्नास मिलिमीटर लांबीच्या दहा पिना, आपण तिघं, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, पिनांचे नंबर मी झाकलेले. उद्या गिऱ्हाईकाचा माणूस विचारणार, तुमच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? चूक पिनेत असते, मायक्रोमीटरमध्ये, की मोजणाऱ्याच्या हातात?

मामा : आणि त्यासाठी दोन निवृत्त म्हातारे उकरून काढलेस?

मुलगी : इथले सगळे तुमच्या दोघांच्याच हाताचं बघून शिकलेत. म्हटलं, मूळच तपासावं.

बाबा : निकाल सांग.

मुलगी : मामाचे तिन्ही फेऱ्यांचे आकडे जुळतात, फार तर एखादा मायक्रॉन इकडेतिकडे. माझेही तसेच. बाबा, तुमचे मात्र सगळेच वर. चार, पाच, एकदा तर सहा.

बाबा : मायक्रोमीटर बिघडला असेल.

मुलगी : आम्हीही तोच वापरला. दर फेरीआधी मापाच्या ठोकळ्यावर तपासलाय.

बाबा : मग डोळे. वय झालं.

मामा : डोळ्यांना कशाला बदनाम करता! पोरी, त्यांची मूठ बघ. तेल पुसायचं म्हणून पिन मुठीत धरून चोळत बसतात. ऊब लागली की पोलाद फुगतं. केसाच्या दहाव्या भागाएवढंही नाही, पण फुगतं.

मुलगी : बाबा, आत्तासुद्धा मुठीत आहे ती.

बाबा : सवय आहे.

मुलगी : ट्रेमध्ये ठेवा. अर्धा तास निवू दे, मग परत मोजा. चिमट्यानं उचलून.

(अर्ध्या तासाने. खोलीत तीन टिचक्या.)

मुलगी : वाचा.

बाबा : पन्नासला... चार मायक्रॉन कमी.

मुलगी : मामानं हेच लिहिलंय.

मामा : चला! सोळा वर्षांत एका पिनेवर तरी एकमत झालं.

मुलगी : मामा, सोळा वर्षांपूर्वीच्या त्या चारशे पिनांचंही असंच झालं होतं?

मामा : सोड गं. मी म्हटलं आखूड आहेत, दाजी म्हणाले बरोबर आहेत. साहेबांनी थोरल्यांचं ऐकलं. मला खाली खोकी चिकटवायला पाठवलं. त्याचंही काही नाही. पण पोरं मला ‘अंदाजे’ म्हणायला लागली. ‘ए अंदाजे, डिंक आण!’ वीस वर्षं मायक्रॉन मोजलेल्या माणसाला!

मुलगी : म्हणून आमच्या घरी येणं सोडलंस?

मामा : दारापर्यंत यायचो. आतून ताईचं गुणगुणणं ऐकायचो आणि मागे फिरायचो.

मुलगी : पण खोटं तर कुणीच बोललं नव्हतं. बाबांना उबेचं माहीतच नव्हतं. मी अहवालात लिहिते, दोष पद्धतीचा, माणसाचा नाही.

बाबा : आजच्यापुरतं लिही. त्या वेळचं तसं नाही.

मुलगी : म्हणजे?

बाबा : मेव्हणे, तिच्याकडे नका बघू. इकडे, माझ्याकडे बघा.

मामा : बोला, दाजी.

बाबा : तुम्हाला खाली पाठवलं, त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी परत आलो होतो. ट्रेमधल्या वीस पिना, पुसत न बसता, भराभर मोजल्या. वीसच्या वीस आखूड.

मामा : ...ताईला सांगितलंत?

बाबा : नाही. तिनं मला हाताला धरून तुमच्यापुढे उभं केलं असतं.

मामा : मग उबेचं तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?

बाबा : नाही. ते आज कळलं. तुम्ही बरोबर होतात, एवढंच तेव्हा कळलं होतं.