निळीत धुतलेल्या सपाता

(वसमत. घराच्या स्लॅबवर, थंडीतली संध्याकाळ. दोरीवर धुतलेली पांढरी लुगडी, त्यांच्यामध्ये नाड्यांनी लटकवलेला बुटांचा एक जोड.)

दीक्षा : ...अन् तू ते निळीत बुडवले? आजी! खरं सांग, थट्टा करून राहिली ना?

जनकाबाई : थट्टा कशाची? विहारात नेसायची लुगडी निळीत टाकली, त्यातच तुझ्या आत्याच्या सपाता टाकल्या. उद्या सत्काराला माझी सपना स्टेजवर चढणार, सारं वसमत बघणार. अन् सपाता कशा? घामट, मळकट, पुढून रक्ताचे डाग. लोक म्हणतील, जनकाबाईच्या लेकीला धड धुता येत न्हाई.

दीक्षा : अगं त्या गुलाबी होत्या!

जनकाबाई : आता पांढऱ्या झाल्या.

दीक्षा : पांढऱ्या कुठल्या? वांग्याच्या फुलावानी झाल्यात.

जनकाबाई : मग वाईट काय झालं? निळा रंग काय परका हाय आपल्याला?

दीक्षा : रंगाचं सोड गं. टोक कुठं गेलं यांचं? काल टिचकी मारली तर लाकडावानी टकटक वाजायचं. आता बघ, बोट दाबलं की आत. भिजलेली भाकर नुसती!

जनकाबाई : ते मीच केलं मऊ. गरम पाण्यात ठेवल्या, मग धोपाटण्यानं बडवल्या. तिची नखं बघितली का तू? एक धड न्हाई. हळद शिजवायच्या कढईपाशी उभी राहून राहून माझे पाय पोळले, पन असे न्हाई झाले. म्हणलं, एवढ्या कडक सपातांत लेकरानं नाचावं कसं?

दीक्षा : आजी, त्या कडकपणावरच तर ती उभी राहती! बॅले म्हणजे काय वाटलं तुला? सारं अंग अंगठ्याच्या टोकावर. आत कापडाचे थर असतात, खळीनं चिकटवलेले. पाण्यात खळ सुटली की संपलं.

जनकाबाई : खळ व्हय? मग एवढी काहून रडून राहिलीस? साबुदाण्याची खळ करते, लुगड्याला लावते तशी. सकाळपर्यंत कडक होतील.

दीक्षा : आता तुला काय सांगू मी... थांब. जिन्यात आत्याच येऊन राहिली. ऐक, दुखरा पाय मागून ओढती. आजी, तू बोलू नको, मी सांगते. न्हाई, तू सांग. न्हाई, थांब...

सपना : काय सांगायचंय गं?

जनकाबाई : हे बघ बाई, तुझ्या सपाता धुतल्या.

दीक्षा : आत्या, टोक दाबून नको बघूस.

सपना : कशात धुतल्या, आई?

जनकाबाई : निळीत. अन् बडवून मऊ बी केल्या. आता टोचणार न्हाईत तुला.

सपना : व्हय. आता टोचणार नाहीत.

जनकाबाई : ही पोरगी म्हणती, बिघडल्या.

सपना : हिला काय कळतं? मोबाइल बघून शहाणी झालीय. छान धुतल्यास.

दीक्षा : आत्या!

जनकाबाई : बघ, म्हणलं नव्हतं? अन् हिच्या बापाला, सूरजला सांगून ठेवा, मला उद्या पुढच्या खुर्चीवर बसवा म्हणून. मागून मला दिसत न्हाई. तुझा बाप होता तोवर... जाऊ दे.

सपना : बोल ना.

जनकाबाई : काय बोलू? मरेपर्यंत एकच धरून बसला. ‘पाटलाच्या दारात हलगी बडवून नाचायचं माझ्या बापानं सोडलं. अन् माझी पोरगी नाचणार? या घरातल्या कोनी बघायचं न्हाई.’ मी म्हणलं, ती जर्मनीत नाचती, मोठाल्या थेटरात, तिथं कुठला आलाय पाटील? तर म्हणला, पाटील सगळीकडं असतो. शेवटच्या दिसांत सूरजनं मोबाइल पुढं धरला, तुझ्या नाचाचा. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. तसाच गेला.

सपना : अन् तू?

जनकाबाई : मी त्याला शब्द दिला होता. इतकी सालं झाली, साऱ्या जगानं बघितलं तुला, मी एकदा न्हाई. चोरून बी न्हाई. आता तो गेला, त्याच्यासंगं शब्द बी गेला. उद्या बघणार, डोळे भरून बघणार. सोमवारी नांदेडला घोटा दुरुस्त झाला की मग तू परत चाललीस तिकडं. चल, मी चहा टाकते खाली. हळद-तेल चोळू का पायाला?

सपना : नको आई. जा तू, आलेच.

दीक्षा : गेली. आता सांग, खोटं काहून बोललीस? अन् दुरुस्त म्हणे! डॉक्टर म्हणाले ना, स्क्रू टाकून सांधा कायमचा जाम करणार? ते तरी सांगितलंस का तिला?

सपना : हळू बोल. सोमवारनंतर सांगेन.

दीक्षा : मग दुसरा जोड मागवू. बाबा रातोरात मुंबईला जाईल.

सपना : माझ्या पायाचे बूट तिकडं एक म्हातारा हातानं बनवतो. एकच जोड आणला होता. शेवटचा.

दीक्षा : मग अनवाणी नाच! काय बिघडतं?

सपना : शेजारणी तिला म्हणतात, तुझी पोरगी बोटाच्या टोकावर उभी राहते. अन् ही विचारते, ‘व्हय का?’ तिला ते बघायचंय, दीक्षा.

दीक्षा : या लगद्यात टोकावर गेलीस तर घोटा मोडंल. मोडंलच! मी काय येडी न्हाई.

सपना : सोमवारी तो तसाही जायचाच आहे.

दीक्षा : असं नको ना बोलू! मी शाळेत तुझ्यावर भाषण ठोकलंय. ‘माझ्या आत्याचे पाय जमिनीला लागत नाहीत!’ बाईंनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. अन् तू...

सपना : पुढच्या भाषणात एवढं सांगू नकोस म्हणजे झालं.

दीक्षा : मी आजीला खरं सांगणार. आत्ताच.

सपना : सांग. मग ती उद्या येणार नाही. अन् मरेपर्यंत स्वतःच्या हातांकडं बघत बसेल. चालेल तुला?

दीक्षा : अन् तू तिच्यासमोर पडलीस म्हणजे?

सपना : पडायच्या आधी उभं राहावं लागतं. तेवढं तर दिसेल तिला.

दीक्षा : आत्या...

सपना : डोळे पूस. ती खालून हाक मारतेय, ओ दे तिला.

दीक्षा : ओ... आले, आजी!

जनकाबाई : दीक्षे, सपाता खाली आण गं! दव पडंल, भिजतील.