नवरदेवाने तोरण खाल्ले, त्याबाबत

मौजे सावरखेड, अकोट रस्ता. शके १७८६, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळ.

नाव खुशालराव वल्द जानराव, जात कुणबी, वय पन्नाशीच्या पुढे (नक्की आईला ठाऊक होते, ती वारली), धंदा पूर्वी शेती, हल्ली अमरावतीच्या हरकचंद शेठच्या येथील बागेतल्या जनावरांची राखण, राहणार मौजे मजकूर.

ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, पाटील वामनराव यांनी माझ्यावर फिर्याद दिली आहे. मी शेठच्या उंटाकडून पोळ्याचे तोरण मुद्दाम तोडवले व पाटलांच्या जोडीचा पहिला मान घालवला, असे त्यांचे म्हणणे. त्यातले तोरण खरे, मुद्दाम खोटे. उंट काल संध्याकाळपासून कोंडवाड्यात आहे. कोंडवाड्यात काळ्या मातीचा गुडघाभर चिखल आहे. मला आधी त्याच्याबद्दल बोलायचे होते, पण हवालदारसाहेब म्हणाले क्रमाने बोल, म्हणून क्रमाने बोलतो.

अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसांना काय करू नि काय नको झाले. कोणी माडी चढवली, कोणी दोन लग्ने केली. आमच्या शेठने जनावरे घेतली. इथल्या बागेत अस्वल, चितळांचा कळप, साळिंदर, मोर, एक म्हातारे कासव आणि उंट आहे. माझी शेती आता पोरे पाहतात, बैलही त्यांच्याकडेच गेले. घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवत होतो, तेव्हा तिनेच मला या कामावर लोटले.

कामाचे म्हणाल तर पहाट अस्वलाची. त्याला मोहाची फुले घातलेली भाकर लागते. ती नसली तर डोके झाडाला घासत बसते आणि माझ्याकडे पाहत नाही. साळिंदराला जुने हाड टाकावे लागते, त्याचे दात वाढतच राहतात, हाड नाही दिले तर दार कुरतडते. चितळांना मीठ. कासवाला कोणी काही विचारत नाही, ते सुखी आहे. उंटाला हिरव्या बाभळीच्या काटेरी फांद्या. त्याचे ओठ आणि तोंड आतून असे निबर की काटा लागत नाही. मी एकदा हात घालून पाहिले, काटा मलाच लागला. त्याचे नाव मी नवरदेव ठेवले आहे, कारण मान वर करून चालतो आणि घडीघडी रुसतो.

हवालदारसाहेबांनी विचारले की उंटाचा पोळ्याशी संबंध काय. संबंध माझ्या बायकोने लावला. तिचे नाव पार्बताबाई. परवा संध्याकाळी गावभर बैलांचे खांदे लोण्याहळदीने मळत होते. आमच्या दारात बैल नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाही. मी ओसरीवर तोंड पाडून बसलो होतो, हे लिहिले तरी चालेल. ती लोण्याची वाटी घेऊन तरातरा बागेत गेली. मी म्हटले, "अवं, कोठी चालली?" ती म्हणाली, "उन्हाळाभर नदीवरून पाण्याच्या पखाली कोणं वाहिल्या? तुमी का? त्याले पोळा नाही काहून?"

उंटाला जू घालायचा खांदा नसतो. म्हणून तिने शिडी लावली आणि त्याच्या कुबडालाच लोणी लावले. तो डोळे मिटून उभा राहिला. त्याच्या पापण्या बाईमाणसाला हेवा वाटावा अशा लांब आहेत, धुळीसाठी देवाने दिल्या. मग तिने त्याच्या कानाला तोंड लावून बैलाला म्हणतात तसे म्हटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." झाले! पोळ्याचे आवतण दिले ते दिले. ते परत घेतल्याचे मी तरी बापजन्मात ऐकले नाही. म्हणून त्याला नेणे भाग पडले, यात माझा काही हेतू नव्हता. आनंद होता, पण आनंद हा गुन्हा आहे काय?

बैलाची झूल त्याला रुमालाएवढी झाली. म्हणून बायकोने आपले लग्नातले लाल लुगडे टाकले. शिंगे नसल्यामुळे बेगड गळपट्ट्याला चिकटवली. मारुतीच्या पारासमोर आम्ही सगळ्यांच्या मागे उभे राहिलो. पुढे पाटलांची पांढरी जोडी, हे बरोबरच आहे, तोरणाखालून पहिले जायचा मान त्यांच्या आजापासून त्यांचा. लोक हसले, पण चांगले हसले. माळ्याच्या कौशल्याबाईने तर नवरदेवाला झेंडूचा हार टाकला. तो त्याने खाल्ला. तेव्हाच मला समजायला पाहिजे होते.

तोरण आंब्याच्या पानांचे, नुकते तोडलेले. बैलांच्या डोक्यावरून जाईल इतके उंच, म्हणजे नवरदेवाच्या बरोब्बर तोंडाशी. बैल खाली पाहतो. हा जन्मल्यापासून झाडाच्या शेंड्याकडे पाहतो. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाली, वाजंत्री वाजली, दोर माझ्या हातातून सुटला आणि तो ढांगा टाकत रांगेच्या बाजूने सरळ पुढे गेला. पळाला नाही, कोणाला धक्का लावला नाही, पंगतीला उशीर झाल्यासारखा गेला. पाटलांच्या जोडीच्या डोक्यावरून मान लांबवली आणि या खुंटापासून त्या खुंटापर्यंत तोरण खात गेला. वाजंत्री थांबली. तेवढ्यात शेवटचे पान लोंबत राहिले, ते त्याने जिभेने आत ओढले. मग अख्खा गाव हसला. मीही हसलो, ते चुकले. पाटील लाल झाले आणि म्हणाले, "खुशाल्या, तुह्या उंटाले अन् तुले, दोघाईले आत टाकतो!"

आता माझे म्हणणे लिहा. उंट जर बैल नसेल, तर गेला कुठे मान? उद्या बकरीने तोरण खाल्ले तर बकरीला पाटीलकी देणार काय? आणि तो बैल धरायचा असेल, तर राबणारे जनावर पोळ्यात आले, त्यात गुन्हा कोणता? मला शिक्षा द्यायची ती द्या. पण नवरदेवाला बाहेर काढा. त्याच्या पायाला खूर नाही, गादी आहे. ती रेतीत पसरते, आमच्या चिखलात घसरते. मागचे दोन पाय फाकले तर मांडी निखळते आणि मग उंट उठत नाही, तिथेच मरतो. सकाळपासून आभाळ भरले आहे. मी रात्रभर कोंडवाड्याच्या भिंतीशी उभा राहून "हलू नको, बापा" म्हणत होतो. माझा जीव वरखाली होऊन राहिला, साहेब, आणि तुम्ही मला वय विचारता.

येथे कोंडवाड्याकडून गलका ऐकू आल्यावरून जबाब देणारा परवानगी न घेता पळत गेला. हवालदार मागे गेले. परत आल्यावर जबाब पुढे घेतला तो असा:

कोंडवाड्याच्या दारात रेतीची गाडी उभी होती. गाडीला पाटलांची तीच मानाची पांढरी जोडी. पाटील स्वतः धोतर खोचून, फावड्याने नवरदेवाच्या पायांपुढे रेती टाकत होते. मी तोंडात बोट घातले. ते मान वर न करता म्हणाले, "तुह्यासाठी नाही करून राहिलो. कालपासून घरात चूल नाही पेटली. ही म्हणते, आवतणाचं जनावर पोळ्याच्या दिवशी गावात उपाशी राह्यलं, आता मले घास उतरत नाही."

ही म्हणजे पाटलीण सुभद्राबाई. त्या ताट घेऊन मागे उभ्या होत्या. नवरदेव रेतीवर एकेक पाय ठेवत बाहेर आला. मला पाहून त्याने जो आवाज काढला, तो मला लिहून देता येत नाही. सुभद्राबाईंचा हात त्याच्या तोंडापर्यंत पोचेना. मी "बैस" म्हटले. तो आधी पुढचे गुडघे, मग मागचे, असा घडी घालून बसला. त्यांनी कुंकू लावले, ओवाळले, काल दुपारची राखून ठेवलेली पुरणपोळी दिली. ती त्याने काट्यासारखी सावकाश चावली. मी रडलो. पाटलांनी पाहिले आणि नाक शिंकरायला तिकडे तोंड केले.

मग ते म्हणाले, "फिर्याद मागं घेतो. पुढच्या साली तोरण उंच बांधा लागते. अन् तो माह्या जोडीच्या मागं राहील, समजलं का?" मी म्हटले, समजलं. माझ्याकडून आता कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसा आहे. फक्त जिथे उंट लिहिले तिथे नवरदेव पाहिजे होते. हवालदारसाहेब म्हणाले राहू दे, म्हणून राहू दिले.

निशाणी: कुणब्याच्या रिवाजाप्रमाणे नांगर काढण्यास सांगितले असता, जबाब देणाऱ्याने नांगर काढून त्याला कुबड, चार पाय व लांब मान जोडली. तीच कायम केली.