पोटाची उसनवारी

(गोठा. मधोमध कमरेइतकी भिंत. एका अंगाला धाकट्या जावेची गाय बसली आहे, ती उठायला तयार नाही. दुसऱ्या अंगाला थोरलीची गाय उभी आहे. डॉक्टर नळी भिंतीवर टाकून हात पुसत आहेत.)

धाकटी : पाटीभरच घातला हो भरडा. जास्त नाही.

डॉक्टर : पाटी केवढी, वहिनी?

थोरली : ती काय, कोपऱ्यात उपडी पडलीय. बाळंतिणीला न्हाऊ घालता येईल तिच्यात.

धाकटी : दूध वाढेल म्हणून घातला. आपल्या गाईचं बरं बघणं हा गुन्हा झाला का?

डॉक्टर : गाईचं बघितलंत, तिच्या पोटातल्यांचं कोण बघणार? अहो, गाईला स्वतःला गवताची काडी पचत नाही. तिच्या कोठीपोटात जंतूंची वस्ती असते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मी एकदा कुशीला कान लावला, तर आत बाजार भरल्यासारखा गलका. गाय नुसती वाढपी. चारा गिळायचा, रवंथ करायचा, त्यांच्या पुढ्यात टाकायचा. ते जेवणार आणि ही त्यांच्या उष्ट्यावर जगणार.

थोरली : आणि ते थकले की?

डॉक्टर : पुढच्या पोटात ढकलते आणि त्यांनाच पचवते.

थोरली : म्हणजे सासरच की.

धाकटी : माझी गाय मरतेय आणि यांना विनोद सुचतायत.

डॉक्टर : झालं काय, की त्या वस्तीत काही जण भरड्यावर टपलेलेच असतात. ते माजले. त्यांनी आंबवून आंबवून पोटाचा आंबट हौद केला आणि गवत पचवणारी गरीब मंडळी त्यात बुडून मेली. मी सोडा पाजलाय, आंबटपणा उतरेल. पण घर ओस पडलं त्याचं काय? नवी बिऱ्हाडं आणून बसवायला हवीत.

धाकटी : ती कुठून आणायची?

डॉक्टर : दुसऱ्या धडधाकट गाईच्या पोटात नळी घालायची, आतलं पाणी बादलीत ओढायचं आणि कोमट आहे तोवर हिला पाजायचं. एक तर कालव्यापलीकडं तुमच्या नणंदेची गाय आहे. पण तिथं जाऊन येईपर्यंत ही दम धरेल असं वाटत नाही. दुसरी ही भिंतीपलीकडं.

थोरली : माझी?

डॉक्टर : पाणी मात्र जिवंत हवं. मागं एकानं गाईला परस्पर जंतू मारायच्या गोळ्या चारल्या आणि मला बोलला नाही. सगळी वस्ती साफ. मी आपला बादलीभर मढी पाजत बसलो.

थोरली : त्या गोळ्यांनी हेही मरतात?

डॉक्टर : गोळीला काय कळतंय आपलं कोण नि परकं कोण? तुमच्या गाईला काही दिलं नाहीत ना?

थोरली : समोर रवंथ करतेय, दिसत नाही का तुम्हाला?

डॉक्टर : मग धरा बादली.

थोरली : धरते. पण आधी हिनं मागावं.

धाकटी : मागतेय की. द्या ना, जाऊबाई.

थोरली : असं कोरडं नको. माझ्या दुधाच्या किटलीत पाणी कुणी ओतलं होतं, ते सांग आणि मग माग.

धाकटी : तो विषय आत्ता कशाला?

थोरली : आत्ताच. डेअरीवर सगळ्यांदेखत माझं दूध ओतून दिलं. मी वन्संवर आळ घेतला, भरल्या ताटावरून उठवलं त्यांना. तू शेजारी वाढत होतीस. हूं की चूं केलं नाहीस.

धाकटी : डॉक्टरांसमोर बोलू?

थोरली : गाईच्या पोटातलं एवढं बघितलं त्यांनी, तुझ्याही पोटातलं बघू देत.

डॉक्टर : वहिनी, हिचा श्वास जड व्हायला लागलाय.

धाकटी : मी ओतलं.

थोरली : भिंतीला नको सांगू. माझ्याकडं बघ.

धाकटी : मी ओतलं पाणी. सासूबाई ऊठसूट तुमच्याच दुधाचं कौतुक करायच्या. वन्संचं नाव निघालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. झालं समाधान? आता पाया पडू?

थोरली : पड.

धाकटी : घ्या. पडले.

थोरली : हं. घाला नळी, डॉक्टर.

डॉक्टर : मान वर धरा तिची. आलं, आलं. अं? वास बघा याचा. आणि थेंब भिंगाखाली धरतोय, तर कुणी हलत नाही. इथं जत्रा दिसायला हवी होती. थोरल्या वहिनी, गोळ्या दिल्यात?

थोरली : दिल्या की. खुराला लागलं होतं तिच्या.

डॉक्टर : मग मघाशी का नाही बोललात?

थोरली : मघाशी ती बोलत होती. या घरात आल्यापासून पहिल्यांदा खरं बोलत होती. मला ऐकायचं होतं.

धाकटी : मी पाया पडले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.

थोरली : वन्सं ताटावरून उठल्या तेव्हा तुलाही ठाऊक होतं.

डॉक्टर : एवढ्या खूश होऊ नका. तुमच्याही गाईचं घर ओस पडलंय.

थोरली : ती तर खातेय.

डॉक्टर : सवयीनं खातेय. पचवायला आत आहे कोण? चारा तसाच पडून कुजेल. तिलाही बाहेरून बिऱ्हाडं आणावी लागतील.

थोरली : कुठून?

डॉक्टर : कालव्यापलीकडून. दुसरी गाय आहेच कुठं?

धाकटी : वन्संकडं आधी मी जाणार. ती बादली द्या इकडं.

थोरली : जा ना. मी मागोमाग येते आणि पाणी कुणी ओतलं ते त्यांना सांगते. मग देतात का बघू.

धाकटी : सांगा. ताटावरून कुणी उठवलं, ते त्यांना सांगावं लागणार नाही.

थोरली : वाट सोड.

धाकटी : बादली सोडा माझी.

डॉक्टर : ओढू नका. दोघींनी धावायची गरज उरली नाही.

धाकटी : म्हणजे?

डॉक्टर : इकडं या, वहिनी. हात लावून बघा हिला.

थोरली : गेली?

डॉक्टर : बादलीची ओढाओढ चालली होती, तेव्हाच.

थोरली : अगं, एवढं होईल असं मला...

डॉक्टर : थोरल्या वहिनी, तुम्ही मात्र निघा. तुमची अजून उभी आहे.

धाकटी : चला, जाऊबाई. ही घ्या बादली. मी येते बरोबर.

थोरली : तू आता कशाला?

धाकटी : तुम्ही मागताना मला ऐकायचंय.